लायगो-इंडिया: हवा आत शिरते ती कुठून? फ्लँज, गॅस्केट आणि केसाएवढ्या फटीची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आतापर्यंत ज्योतिर्लिंगासाठी ओळखलं जायचं. आता तिथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. बातम्यांमध्ये आईनस्टाईन आला, कृष्णविवरं आली, लेझर आला. एक गोष्ट मात्र फारशी कुठे आली नाही. हे सगळं चालणार आहे ते नळीतली हवा काढून टाकल्यावर, आणि ती हवा पुन्हा आत येणार नाही याची जबाबदारी असते नट-बोल्टांनी आवळलेल्या जोडांवर.

हे जोड नेमके कसे असतात? ते गळतात का? आणि 'आणखी घट्ट आवळा' हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं का ठरतं?

एवढी पोकळी लागतेच कशाला?

अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे. प्रत्येकीला काटकोनात ४ किलोमीटर लांबीचे दोन हात आहेत. हात म्हणजे सुमारे १.२ मीटर व्यासाच्या स्टीलच्या नळ्या. त्यांच्यातून लेझरचा झोत जातो, टोकाच्या आरशावर आपटून परत येतो. गुरुत्वीय लहर आली की या हातांची लांबी अगदी किंचित बदलते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा अशी लहर पकडली गेली, तेव्हा लांबीतला हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पट लहान होता.

एवढं बारीक मोजायचं तर झोताच्या वाटेत हवेचे रेणू नकोत. ते प्रकाश विखुरतात, आरशांना धक्के देतात. म्हणून नळीतला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शापर्यंत खाली आणला जातो. एका वेधशाळेत अशी रिकामी केलेली जागा सुमारे १०,००० घनमीटर असते. मराठवाड्याच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे एक हजार टँकर. अमेरिकेत ही हवा उपसायला सुमारे ४० दिवस लागले होते. हवा उपसली जात असताना नळ्या १५० अंशांहून जास्त तापवून कित्येक दिवस तशाच ठेवल्या होत्या, कारण स्टीलच्या पृष्ठभागावर चिकटलेले पाण्याचे आणि इतर वायूंचे रेणू त्याशिवाय सुटत नाहीत.

इतकं करूनही नळी पूर्ण 'रिकामी' होत नाही. प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये तीन कोटींच्या आसपास रेणू उरतातच. आणि बाहेर, स्टीलच्या भिंतीपलीकडे, दर चौरस मीटरला दहा टन वजनाएवढ्या जोराने हवा आत घुसायला टपलेली असते.

फ्लँज आणि गॅस्केट म्हणजे काय?

दोन पाइप जोडायचे असतील तर प्रत्येकाच्या तोंडाशी एक जाड, चपटी धातूची चकती असते. तिला गोलाकार भोकं असतात. ही झाली फ्लँज. दोन फ्लँज समोरासमोर आणून भोकांतून बोल्ट घालून आवळायचे. पण धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर डोंगर-दऱ्याच असतात. त्या भरून काढायला मध्ये काहीतरी मऊ लागतं. तेच गॅस्केट.

घरात हे सगळ्यांनी पाहिलंय. कुकरची रिंग म्हणजे गॅस्केटच. ती झाकणात नीट बसली नाही की एका बाजूने वाफ फुसफुसते आणि शिट्टी काही होत नाही. तेव्हा आपण झाकण जोरात दाबत बसत नाही. ते काढतो, रिंग सारखी करतो, पुन्हा लावतो. व्हॅक्यूमच्या जोडाबद्दल पुढे जे येणार आहे त्याचं सार जवळपास एवढंच आहे. फरक इतकाच की कुकरची गळती दिसते, ऐकू येते. व्हॅक्यूमची गळती ना दिसते, ना ऐकू येते.

ही युक्ती जुनी आहे. १७ व्या शतकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि घोड्यांच्या जोड्या लावूनही ते वेगळे होईनात. गोष्ट घोड्यांची म्हणून प्रसिद्ध झाली. पण त्या दोन अर्धगोलांच्या मध्ये मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चामड्याची कडी होती. ती वाकडी बसली असती तर घोडे लागलेच नसते.

'छोटी गळती' किती छोटी?

व्हॅक्यूमवाले गळती मोजतात ती 'मिलीबार-लिटर प्रतिसेकंद' या एककात. नाव किचकट आहे, पण एक हिशेब केला की कल्पना येते. समजा एखाद्या जोडाची गळती या एककाच्या एक अब्जांश आहे. त्यातून एक घनसेंटिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या १ मिलिलिटरच्या खुणेएवढी हवा आत यायला किती वेळ लागेल? ३१ वर्षांहून जास्त.

आणि तरी ही गळती काही कामांसाठी चालत नाही. कारण पंप एकीकडून रेणू उपसत असतो आणि गळती दुसरीकडून ते आत सोडत असते. दोन्हींचा तोल जिथे साधतो, तिथे दाब अडकतो. त्याखाली जायला मग पंप दसपट मोठा लावावा लागतो, किंवा गळती शोधावी लागते. शिवाय लायगोसारख्या ठिकाणी जोड एकच नसतो.

रबराची रिंग: एक मिलिमीटरचा खेळ

सर्वात सोपा जोड असतो रबरी रिंगचा. इथे बहुतेकदा 'व्हायटॉन' नावाचं खास रबर वापरतात. गोल दोरीसारखी ही रिंग दोन फ्लँजच्या मध्ये दाबली जाते. सील होण्यासाठी दोरी आपल्या जाडीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी चेपली गेली पाहिजे. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीची दोरी जेमतेम एक ते सव्वा मिलिमीटर.

आता समजा ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन फ्लँज समोरासमोर आल्या, पण अगदी समांतर नाहीत. एका बाजूला फट दुसऱ्या बाजूपेक्षा १ मिलिमीटरने जास्त आहे. कोनात मोजलं तर हा तिरकेपणा एक अंशाचा पाचवा हिस्साही नाही. डोळ्यांना तो कळणार नाही. पण रिंगसाठी हिशेब सरळ आहे: एका बाजूला ती पुरेशी चेपली, दुसऱ्या बाजूला तिला कुणी हातही लावला नाही. गळती तिथूनच.

पाइप लांब आणि जड असेल तर हे आपोआपच घडतं. आडव्या पाइपला खालून आधार नसला की तो आपल्या वजनाने झुकतो, जोडाचा वरचा भाग उघडू पाहतो आणि खालचा चेपतो. पहिल्या दिवशी रबर हे सांभाळून घेतं. पण सतत एकाच बाजूला जास्त दाबलेलं रबर हळूहळू तसंच चपटं होऊन बसतं, मूळ आकारात परत येत नाही. जुन्या नळाच्या वायसरचं होतं तेच.

रबराची आणखी एक अडचण अलाइनमेंटशी संबंधित नाही, पण सांगायला हवी. अगदी परफेक्ट बसलेल्या रिंगमधूनही हवेचे थोडे रेणू रबरातून झिरपून आत येतात. म्हणूनच लायगोच्या आरशांच्या मोठ्या टाक्यांना जे दरवाजे आहेत, त्यांना एक नव्हे, दोन रिंगा असतात. एकात एक. आणि त्या दोन रिंगांमधली अरुंद जागा वेगळ्या पंपाने उपसलेली असते. बाहेरच्या रिंगमधून जे आत येतं ते मधल्या मधे काढून घेतलं जातं.

तांब्याची चकती: एकदाच वापरायची

जिथे रबर चालत नाही तिथे धातूचं गॅस्केट येतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हेरियन कंपनीत विल्यम व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉनफ्लॅट' नावाची फ्लँज तयार केली. आज जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये अतिउच्च व्हॅक्यूमसाठी हीच सर्रास दिसते.

तिची रचना साधी आणि हुशार आहे. दोन्ही फ्लँजच्या तोंडावर सुरीसारखी गोल धार कोरलेली असते. मध्ये शुद्ध तांब्याची सुमारे २ मिलिमीटर जाड चकती. बोल्ट आवळले की दोन्ही धारा दोन बाजूंनी तांब्यात घुसतात. दाबलेलं तांबं बाहेर सरकू पाहतं, पण बाहेरच्या बाजूला फ्लँजची भिंत असते. जायला जागा नाही म्हटल्यावर ते धारेलगतच्या बारीकसारीक ओरखड्यांत शिरतं आणि वाट बंद करतं.

इथे एक प्रश्न पडू शकतो. बाहेरची हवा एवढ्या टनांनी दाबते आहे, मग बोल्ट कशाला? रबराच्या जोडात हवेचा दाब खरोखर मदत करतो. तांब्याला मात्र कायमचं वाकवायचं असतं. त्यासाठी धारेच्या टोकाशी वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट दाब लागतो. तो बोल्टच देऊ शकतात.

आणि म्हणूनच इथे अलाइनमेंट चुकली तर माफी नाही. रबर निदान काही काळ सांभाळून घेतं. तांबं एकदा दबलं की दबलं. शिवाय दाबलेलं तांबं कडक होतं. तीच चकती पुन्हा वापरली तर ती पहिल्यासारखी ओरखड्यांत शिरत नाही. जोड उघडला की जुनं गॅस्केट भंगारात, हा नियम त्यामुळे आहे, कंपन्यांना चकत्या विकायच्या आहेत म्हणून नाही.

चूक होते ती कुठे?

सर्वात नेहमीची चूक हास्यास्पद वाटेल: चकती खोबणीत बसलेलीच नसते. फ्लँज उभी असेल, म्हणजे पाइप आडवा असेल, तर चकती हाताने धरून ठेवावी लागते. दुसरी फ्लँज जवळ आणताना ती जराशी घसरते, एका बाजूने खोबणीच्या काठावर चढते. वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. आवळायला सुरुवात केली की एका बाजूला धार तांब्याच्या मधोमध न घुसता कडेला घुसते. नशीब वाईट असेल तर धारच दुमडते. मग चकती बदलून भागत नाही, अख्खी फ्लँज बदलावी लागते, आणि ती महागड्या टाकीला वेल्ड केलेली असेल तर विचारायलाच नको. यावर उपाय म्हणून चकती जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या क्लिपा मिळतात.

दुसरा प्रकार दोन पाइपांचे मध्य एका रेषेत नसण्याचा. वरची धार तांब्यावर एका वर्तुळात घुसते, खालची जराशा सरकलेल्या वर्तुळात. दोन धारा समोरासमोर असतील तर मधलं तांबं चिमटीत सापडतं. त्या सरकलेल्या असतील तर ते कातरलं जातं.

तिसरा प्रकार कामाच्या जागी रोज दिसतो. पाइप थोडा आखूड पडतो किंवा भोकं जुळत नाहीत, आणि फिटर बोल्ट घालून, पाना फिरवून पाइपलाच ओढून आणतो. पाणी किंवा वाफेच्या लाइनवर हे खपून जातं. व्हॅक्यूममध्ये तो ओढलेला पाइप पुढची सगळी वर्षं जोडाला एका बाजूने उघडायचा प्रयत्न करत राहतो. यासाठीच भोकं जुळवायला फिरणाऱ्या फ्लँज असतात आणि पाइपांच्या मध्ये बेलोज बसवतात. बेलोज म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्यांची पातळ धातूची नळी. ती थोडं आखडणं, ताणणं, वाकणं स्वतःवर घेते आणि जोडाला शांत बसू देते.

आवळायचे कसे?

गाडीचं चाक बदलताना मेकॅनिक शेजारशेजारचे नट ओळीने आवळत नाही. एक आवळतो, मग समोरचा. फ्लँजलाही तेच लागू आहे, फक्त जास्त सबुरीने. सहा बोल्टांची लहान कॉनफ्लॅट घ्या. आधी सगळे हाताने. मग पान्याने थोडासा एक, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग पुढची जोडी. एक फेरी झाली की दुसरी, तिसरी. प्रत्येक फेरीत दोन फ्लँजमधली फट चहूबाजूंनी सारखी आहे ना, हे फिलर गेजने किंवा निदान डोळ्याने पाहायचं.

एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर? त्या बाजूचं तांबं एकदम दबतं, फ्लँज तिथे टेकून तिरकी होते आणि समोरची बाजू उचलली जाते. नंतर समोरचे बोल्ट कितीही आवळा, चकती आधीच सरकलेली असते. इथेच 'अजून जरा आवळ' हा सल्ला उलटा पडतो. कॉनफ्लॅटमध्ये तर दोन्ही फ्लँजचे काठ एकमेकांना टेकले की पुढे आवळून गॅस्केटवर काही परिणामच होत नाही. जोर जातो तो बोल्टच्या आट्यांत.

आट्यांवरून आठवलं. टॉर्क रेंच वापरला म्हणजे सगळे बोल्ट सारखे आवळले गेले, असं वाटतं. पण पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणायला वापरला जातो. बाकीचा घर्षणात खर्ची पडतो. एका बोल्टचे आटे कोरडे आणि दुसऱ्याचे वंगण लावलेले असतील, तर रेंचवर आकडा तोच दिसेल, पण गॅस्केटवरचा दाब वेगवेगळा असेल. म्हणून चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट वापरतात. चांदी इथे वंगणाचं काम करते.

आज ठीक, उद्या गळती

विश्वासार्हतेचा खरा प्रश्न हा आहे. वाकडा बसलेला जोड पहिल्या चाचणीत पास होऊ शकतो. फसवतो तो तापवल्यावर.

स्टील आणि तांबं तापल्यावर जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, दर अंशाला दहा लाखात सुमारे १७ भाग. ही जोडी त्यामुळेच जमते. १५ सेंटिमीटरची फ्लँज २०० अंशांनी तापवली तर ती सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. चकती तिच्यासोबत वाढते, सगळं एकत्र पसरतं, एकत्र आकसतं. पण एक बाजू आधी तापली, किंवा एका बाजूचं गॅस्केट आधीच कमी दबलेलं असलं, तर या अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीत तिथली पकड सुटते. थंड झाल्यावर तिथे केसाहूनही बारीक वाट उरते.

जोडाच्या फटीने काय होऊ शकतं याचं सर्वात भयंकर उदाहरण व्हॅक्यूमचं नाही, उलट प्रचंड दाबाचं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या दोन भागांमधला जोड आतल्या दाबाने किंचित उघडायचा, आणि थंडीने कडक झालेली रबरी रिंग ती फट वेळेत भरू शकली नाही. फट का वाढली आणि रिंग का मागे पडली, हे दोन्ही प्रश्न एकाच जोडाचे होते.

न दिसणारी गळती शोधतात कशी?

हेलियमने. आतली हवा उपसून यंत्राला हेलियम ओळखणारा डिटेक्टर जोडतात आणि बाहेरून एकेका जोडावर हेलियमची बारीक फुंकर मारतात. फट असेल तर हेलियम आत जातो आणि डिटेक्टरचा आकडा उडी मारतो. हाच वायू का? त्याचे कण लहान, तो कशाशी अभिक्रिया करत नाही, आणि हवेत तो दहा लाखात जेमतेम पाच भाग असतो. त्यामुळे आकडा वाढला तर तो आपणच मारलेल्या फुंकरीचा, हे नक्की. हेलियम हलका असल्याने वर जातो, म्हणून तपासणी सहसा वरच्या जोडापासून सुरू करतात. नाहीतर खालच्या जोडावर मारलेला हेलियम वरच्या फटीतून आत शिरतो आणि भलत्याच फ्लँजवर संशय येतो.

कॉनफ्लॅटच्या काठावर एक छोटी आडवी खाच दिसते. अनेकांना ती हाताळताना पडलेली वाटते. ती मुद्दाम ठेवलेली असते, हेलियम थेट चकतीच्या कडेपर्यंत पोहोचावा म्हणून.

गळती सापडली आणि कारण वाकडं बसलेलं गॅस्केट निघालं, तर करायचं काय ते ठरलेलं आहे. हवा आत सोडायची, सगळे बोल्ट काढायचे, धार तपासायची. पृष्ठभाग धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचा, तोही गोलाकार. आतून बाहेर पुसताना ओरखडा पडला तर तो हवेसाठी सरळ रस्ता होतो. मग हातमोजे घालून नवी चकती आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरुवात. लहान यंत्रात यात एखादा दिवस जातो. हजार टँकरांएवढी जागा असेल तर पुन्हा उपसण्यातच बराच काळ जातो. म्हणूनच लायगोच्या ४ किलोमीटर लांब नळ्यांचे तुकडे फ्लँजने जोडलेले नाहीत, वेल्ड केलेले आहेत. फ्लँज ठेवल्या त्या फक्त जिथे उघडावंच लागतं तिथे: आरशांच्या टाक्या, पंप, खिडक्या. आणि मोठ्या टाक्या उघडायची वेळ आली तर लांब हातांमधली पोकळी वाया जाऊ नये म्हणून मध्ये प्रचंड झडपा बसवल्या आहेत.

औंढ्यातली वेधशाळाही ४ किलोमीटरच्या हातांचीच असेल. ती २०३० पर्यंत उभारण्याचं उद्दिष्ट मंजुरीच्या वेळी सांगण्यात आलं होतं. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा या प्रकल्पात एकत्र आहेत. लहरी टिपण्याआधी तिथेही प्रत्येक फ्लँजभोवती हेलियमची फुंकर फिरेल, वरच्या जोडापासून खाली.